न बसणारा पतंग

माझा डावा डोळा जाता जाता राहिला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचताना कुणी उगाच जीव टांगणीला लावून बसायला नको. डोळा आहे, दिसतंय, आणि हे सगळं त्याच डोळ्याच्या भरवशावर लिहितेय. पण तो राहिला कसा, ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. कारण तो वाचला एका पतंगामुळे, आणि तो पतंग मुळात नव्हताच.

आमची बिल्डिंग मुलुंडला, डोंगराच्या अंगाला. मागे जी जागा आहे तिला सोसायटीच्या कागदावर ‘उद्यान’ म्हणतात. उद्यान कसलं, तगरीची एक रांग, दोन जास्वंदी, एक अनंत, अख्खी बिल्डिंग ज्याच्यावर डल्ला मारते तो कढीपत्ता, आणि कोपऱ्यात पंपाची खोली. खोलीच्या दारावर रात्रभर ट्यूबलाइट जळते. तिच्या उजेडाला रात्री पतंग येतात आणि उजाडलं तरी त्यातले बरेचसे भिंतीला चिकटून बसलेले असतात, लग्नघरात सकाळी जिथे जागा मिळेल तिथे झोपलेल्या पाहुण्यांसारखे. त्यांचे फोटो काढायचे आणि कोण कुठला ते शोधून काढायचं, हा माझा आणि तळमजल्यावरच्या माझ्या मैत्रिणीचा उद्योग.

दोघी रिटायर. मी एका ऑफिसात जन्मभर टायपिंग केलं, आधी मशीनवर आणि मग कॉम्प्युटरवर. ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती. ती मूळची अकोल्याकडची, मी मालवणकडची. ती माझ्या ‘गो’ची नक्कल करते, मी तिच्या ‘करून राहिली’ची. कामाची वाटणी पहिल्यापासून ठरलेली. फोटो मी काढायचे, ओळख तिनं पटवायची. मला त्याच सकाळी नऊ वाजेपर्यंतही धीर धरवत नाही आणि तिला एका पतंगावर पंधरा दिवस घालवायला काही वाटत नाही. मोबाइलवर दोन बोटांनी फोटो मोठा करकरून पंखावरची रेघन् रेघ बघेल, ऑनलाइन जाणकारांच्या ग्रुपवर टाकेल, चार उत्तरं आली तर चारही तपासून बघेल, आणि मग जाहीर करेल. तोवर आम्ही पतंगांना घरगुती नावं देतो. एक ‘चहाचा डाग’ आहे, एक ‘फाटका रुमाल’. चंदेरी-करडा, शेपटाकडे वाकडा, तो ‘सुकट’. ते नाव अर्थातच माझं. तगरीवर येणारा हिरवा, भारीतला शालू नेसल्यासारखा दिसणारा जो हॉक मॉथ, त्याचं खरं नाव आता पाठ आहे, पण आम्ही त्याला ‘नवरी’च म्हणतो.

भिंतीचा रंग चिकूसारखा. त्यावर निम्मे पतंग दिसतच नाहीत. म्हणून मैत्रिणीनं तिची एक जुनी पांढरी साडी दिली, पौर्णिमेला विहारात जाताना नेसायची, आता विरलेली. ती आम्ही संध्याकाळी पंपाच्या खोलीच्या भिंतीवर टांगतो आणि सकाळी चहाचे कप घेऊन तिच्यासमोर उभ्या राहतो. येणारेजाणारे विचारतात, “काय मावशी, वाळत घातली का?” मी म्हणते, “हो, तुला काय करायचंय?”

मैत्रिणीचा एक नियम आहे. फोटो नाही तर पतंग नाही. मी कितीही शपथेवर सांगितलं की अस्सा होता, एवढाल्ला होता, पंखावर डोळे होते, तरी तिचं एकच, “फोटो दाखव.” एकदा मी बशीएवढा पतंग पाहिला, खरोखर पाहिला, पण फोन वर चार्जिंगला. ती म्हणाली, “मग नाही पाहिला.” एवढा राग आला मला! दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तीच पोह्यांची डिश घेऊन वर आली आणि दारातच म्हणाली, “पोहे खा. पण पतंग नाही म्हणजे नाही.” अशी बाई.

तर नवरात्र संपलं होतं, पाऊस ओसरला होता, पतंगांचा नुसता बाजार भरला होता. एका सकाळी साडीवर ‘नवरी’चा फोटो घेत होते, तेवढ्यात डावीकडून काहीतरी काळं सर्रकन गेलं. बारीकसं, मोहरीपेक्षा थोडं मोठं, मागे एक लांब पाय लोंबत असलेलं. मी मान वळवली तर ते आणखी डावीकडे पळालं. फोन रोखला, तर गायब. “गेला मेला,” मी म्हणाले.

“कोण?” मैत्रीण तिचा चहा फुंकत होती.

“नवीनच होता कुणीतरी. काळा.”

“फोटो?”

मी फोन बंद केला.

दुसऱ्या सकाळी परत तोच. परत डावीकडून, परत साडीवर, आणि बघायला गेलं की पसार. इतका चलाख पतंग मी जन्मात पाहिला नव्हता. बाकीचे कसे, एकदा बसले की दगड. फुंकर मारा, फोन नाकाशी न्या, हलत नाहीत. हा बसायलाच तयार नाही. मी त्याचं नाव ठेवलं ‘भामटा’, आणि हट्टाला पेटले. जवळचं मोठं दाखवणारं छोटं भिंग मी मोबाइलला लावते, ते काढून टाकलं, साडीच्या डाव्या अंगाचे धडाधड फोटो घेतले. कधीतरी सापडेलच ना! ते सगळे मैत्रिणीला पाठवले.

तिचं उत्तर आलं, “ही साडी आहे. माझीच आहे. इस्त्री नाही केलेली, ते दिसून राहिलं.”

वाद तेवढ्यावर थांबला नाही. त्याच दिवसांत पंपाच्या खोलीवरची ट्यूब चमकायला लागली. म्हणजे मला वाटलं तसं. पहाटेच्या अंधुक उजेडात डाव्या कडेला लख्कन उजेड व्हायचा, कमानीसारखा, आणि विझायचा. मी सेक्रेटरीला गाठलं. म्हटलं, स्टार्टर गेलाय, बदलून द्या, पतंग बिथरतात. तो म्हणाला, “मावशी, ट्यूब ठीक आहे.” मी म्हटलं, तुम्ही सकाळी सहाला येऊन बघितलंत का? बिचाऱ्यानं कटकट नको म्हणून नवीन ट्यूब बसवून घेतली. तीही चमकायला लागली. मग मी लिफ्टसमोर चारचौघांत त्याला सुनावलं की सोसायटी सगळा स्वस्तातला भंगार माल आणते. आता तो समोरून आला की मीच गुपचूप जिन्यानं जाते.

इथे हे सांगायला हवं की मी लहानपणापासून सोडाबाटलीच्या बुडाएवढा चष्मा लावते. नंबर उणे अकरा. डोळ्यांचं काही निघालं की नवरा दरवेळी म्हणतो, “वर्षातून एकदा दाखवून ये गं.” मी म्हणते, चष्मा आहे ना, दिसतंय ना, मग? पतंगाच्या पंखावरची पावडर दिसते मला, अजून काय हवं!

आणि भामटा घरात शिरला. बाथरूमच्या पांढऱ्या टाइल्सवर दिसला. गच्चीत पापड वाळत घालताना आभाळात दिसला. मी नवऱ्याला म्हटलं, खिडकीची जाळी फाटलीय कुठेतरी, बघा जरा. त्यानं सगळ्या जाळ्या तपासल्या, एकही फाटकी नव्हती. तो म्हणाला, “तुझ्या त्या साडीतून आला असेल पदराला लागून.” मला ते पटलंसुद्धा! रात्री जेवताना भातावर आला. मी डाव्या हातानं हाकलला, पाण्याचं भांडं लवंडलं, नवऱ्याची आमटी गेली वाया. तो नुसता उठून फडकं घेऊन आला. त्या माणसाचं हेच मला कधीकधी सहन होत नाही.

सकाळी बागेत मी हा सगळा प्रकार मैत्रिणीला रंगवून सांगत होते. ती साडीवरच्या एका ‘फाटक्या रुमाला’ला न्याहाळत होती, माझ्याकडे पाठ. “आणि काल तर काय, जेवताना ताटावर आला! भातावर! मी असा हाकलला…” मी हात करून दाखवला.

ती वळली. “पुन्हा कर.”

“काय?”

“हात. कसा हाकलला ते.”

मी करून दाखवलं. तिचा चेहरा एकदम उतरला. मला वाटलं, बीपी-बीपी वाढलं की काय हिचं. तिनं कप पंपाच्या खोलीच्या कठड्यावर ठेवला आणि मला विचारायला लागली. अनोळखी पतंग आला की विचारते तसंच, एकेक, सावकाश.

“कोणत्या बाजूनं येते?”

“डावीकडून. नेहमीच.”

“कधी बसलेला पाहिला?”

“नाही ना! तेच तर…”

“तू पाहिलं की पळते?”

“हो.”

“अंधारात दिसते?”

मी विचार केला. अंधारात तो कधीच दिसला नव्हता. पांढऱ्यावर दिसायचा. साडी, टाइल्स, आभाळ, भात.

“आत्ता आहे?”

मी साडीकडे पाहिलं. होता. पाय लोंबवत, डावीकडे. “हा काय.”

“मला नाही दिसून राहिला,” ती म्हणाली. “आता डावा डोळा झाक.”

मी हातानं डावा डोळा झाकला. साडी कोरी. नुसती पांढरी, चुरगळलेली साडी आणि तिच्यावर शांतपणे बसलेला फाटका रुमाल.

“आता उजवा झाक.”

उजवा झाकला. भामटा आला. साडीवरून तरंगत गेला, डोळा फिरवला तसा मागोमाग फिरला.

मी पुन्हा डावा झाकला, पुन्हा उजवा. मग हात खाली घेतला. मी तिथेच मातीत बसले. इतके दिवस ज्याच्या मागे फोन घेऊन धावत होते, तो बाहेर नव्हताच. “अगो बाय माझे,” माझ्या तोंडून निघालं.

“चल,” ती म्हणाली.

“कुठे?”

“डोळ्यांच्या डॉक्टरकडे. आत्ता.”

“अगं, आंघोळ तरी…”

“आंघोळ राहू दे वो बाई!” ती माझ्यावर ओरडली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. तिनं खालूनच माझ्या नवऱ्याला हाक मारली. अशी मारली की तीन मजल्यांच्या खिडक्या उघडल्या.

घाटकोपरला डोळ्यांचं एक हॉस्पिटल आहे, तिथे आम्ही तिघं रिक्षानं गेलो. मी मधे, गाऊनवर ओढणी घेतलेली, एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला ती. रिक्षावाल्याला ती सारखी सांगत होती, “खड्डे चुकवत चल रे दादा, हळू.” तो म्हणाला, “खड्डे चुकवले तर रस्ताच उरणार नाही मावशी.” एरवी मी त्याच्याशी पाच मिनिटं बोलले असते. पण मी उजवा डोळा मिटून डाव्यानं बाहेर बघत होते. दुकानांच्या पाट्या, बसचा लाल रंग, सिग्नलला गजरे विकणारी बाई. सगळं दिसत होतं, आणि सगळ्यावरून भामटा फिरत होता. मला वाटलं, हे जर गेलं तर? उजवाही याच नंबरचा, तोही कधी ना कधी याच वाटेनं गेला तर? ‘नवरी’च्या पंखावरची ती गुलाबी झाक मी पुन्हा बघणार की नाही? माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी आणखी घाबरले, की रडल्यानं अजून काही बिघडलं तर! मैत्रिणीनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडीचा वळ उठला.

“तुला कसं कळलं गं?” मी विचारलं.

“नंतर सांगते.”

तिथे त्यांनी डोळ्यांत थेंब घातले, पुन्हा घातले, पुन्हा घातले. बाहुल्या मोठ्या होऊन सगळा हॉल धुरकट झाला. नवरा दोनदा पाणी घेऊन आला आणि दोन्ही वेळा स्वतःच प्यायला. मग डॉक्टरांनी आत बोलावलं. माझ्या भाचीच्या वयाची मुलगी, गुजराती, पण मराठी झकास. डोक्याला दिवा लावून माझ्या डोळ्यात बराच वेळ बघत होती. वर बघा, खाली बघा, डावीकडे बघा. डावीकडे बघताना ती थांबली.

“पडदा फाटलाय,” ती म्हणाली. “थांबा, घाबरू नका. छोटी चीर आहे. पडदा अजून सुटलेला नाही, जागेवर आहे. आजच लेझर करू. सुटला असता तर मोठं ऑपरेशन, आणि मग किती दिसेल ते सांगता आलं नसतं.”

“म्हणजे… राहील?”

“राहील. वेळेत आलात.”

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या खुर्चीवर कळलं. आयुष्यभर हा शब्द कशालाही वापरलाय मी, गॅस सिलेंडर वेळेवर आला तरी. आता वाटतं, तेव्हा नुसतं बरं वाटलं होतं. हे वेगळं होतं. मला हसू यायला लागलं.

“कधीपासून दिसत होतं?” तिनं विचारलं.

“आठवडा तरी झाला.”

“मग आठवडाभर काय केलंत?”

“फोटो काढत होते.”

“कशाचे?”

“त्याचेच. मला वाटलं पतंग आहे.”

तिनं दिवा कपाळावर ढकलला. मग मी तिला साडी, ट्यूब, सेक्रेटरी, सगळं सांगितलं. ती इतकी हसली की बाहेरची नर्स डोकावली. “लोक कोळ्याचं जाळं म्हणतात, केस म्हणतात, माशी म्हणतात,” ती म्हणाली. “फोटो काढायला गेलेलं पेशंट मात्र पहिलंच. आणि तो चमकणारा उजेड ट्यूबचा नव्हता हं. पडदा ओढला जात होता, त्याचा होता.” सेक्रेटरीचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आला.

लेझरचं मला वाटलं होतं तसं काही नव्हतं. हनुवटी टेकवून बसायचं, डोळ्यावर भिंग, आणि हिरवे हिरवे फटके. मधूनच दाताच्या मुळाशी दुखावं तसं आत खोल दुखायचं. शर्टाचं काज करताना भोकाभोवती टाके घालतात ना, तसं चिरेभोवती डाग देऊन पडदा पक्का करतात. संपल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की जड उचलायचं नाही, पुन्हा दाखवायला यायचं, आणि असले ठिपके अचानक वाढले किंवा कडेनं काळा पडदा सरकताना दिसला तर त्याच पावली इकडे. आणि हो, तो काळा ठिपका जाणार नाही. राहील तरंगत, हळूहळू सवय होईल.

“राहू दे,” मी म्हटलं. मला काय, त्या घटकेला तिनं दहा भामटे दिले असते तरी मी घेतले असते.

निघताना तिनं माझ्या डोळ्याच्या आतल्या बाजूचा मशीनवर काढलेला फोटो दिला. लेझरच्या आधीचा. नारिंगी गोळा, त्यावर लाल शिरा, आणि अगदी कडेला एक वाकडी चीर, घोड्याच्या नालेसारखी. बाहेर बाकावर मैत्रीण बसली होती. मी अजून धुरकटच बघत होते, तरी मोठ्या ऐटीत तो कागद तिच्यापुढे धरला. “घे. फोटो!”

मला वाटलं, हसेल. म्हणेल, आता मानला तुझा पतंग. तिनं कागद हातात घेतला, सवयीनं त्याच्यावरच दोन बोटं फिरवून मोठा करायला गेली, आणि मग तिनं तो मांडीवर ठेवला. नवरा रिक्षा बघायला खाली गेला होता.

“माही आई,” ती म्हणाली, “जेवताना माशी हाकलायची. गावाकडे, मी शाळेत होती तेव्हा. अशीच, डाव्या हातानं. माशी नसायचीच. आम्ही भावंडं तिची नक्कल करायचो, हसायचो खूप. तीही हसायची.”

मी तिच्या शेजारी बसले.

“मग एक दिवस तिनं हाकलणं बंद केलं. आम्हाला वाटलं, बरं झालं, माशी गेली. गेला होता डोळा.”

तिनं कागदाची नीट घडी घातली आणि माझ्या पर्समधे ठेवली. मी तिला जवळ घेतलं. दोघी तिथे बाकावर बसून रडलो, आणि मला खरं सांगायचं तर त्या रडण्यातही मला बरंच वाटत होतं, कारण धुरकट का होईना, तिचा चेहरा मला दोन्ही डोळ्यांनी दिसत होता.

आता पुन्हा सगळं सुरू आहे. सकाळी चहा, साडी, पतंग. सेक्रेटरीची माफी मागायचं ठरवलंय, अजून जमलेलं नाही. मैत्रिणीचा फोटोचा नियम तसाच कडक आहे, फक्त एकाला सूट आहे. रोज साडीसमोर उभं राहिलं की आधी ती मला विचारते, “आहे का?”

मी उजवा डोळा झाकून साडीकडे बघते. “आहे.”

“असू दे,” ती म्हणते, आणि मग आम्ही बाकीचे बघायला लागतो.